नानांच्या पिकअपचं फक्त सीटकव्हर

मी मूर्ख आहे. हे मी विनयाने वगैरे म्हणत नाहीये. आमच्या घरात यावर रीतसर मतदान झालं आणि निकाल एकमताने लागला. (माझंही मत त्यातच पडलं.)

तुम्हीच बघा. वडील गेल्यावर आमच्याकडे मुली हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी नेसवतो आणि ओल्या डोळ्यांनी विचारतो, "ताई, आठवण म्हणून काय नेतेस?" शहाण्या बहिणी अशा वेळी तांब्या मागतात. घड्याळ मागतात. माझी एक चुलत बहीण वडिलांचा चष्मा घेऊन गेली. डबीत मावतो, डिझेल पीत नाही. मी म्हणाले, "मला नानांची पिकअप दे."

माझ्या भावाने, समाधानने, खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. इतक्या पटकन ठेवली, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी रडत होते. रडताना माणसाचं व्यवहारज्ञान नाकावाटे वाहून जातं. त्याने त्याच दिवशी दुपारी भंगारवाल्याला गाडी बघायला बोलावलं होतं, हे मला नंतर वहिनीकडून कळलं.

आता गाडीबद्दल सांगते. नाना मातोरीहून रोज पहाटे स्वतःची आणि वस्तीवरच्या लोकांची फुलं घेऊन नाशिकला मार्केटात जायचे. त्या गाडीचा मीटर तीन लाख ऐंशी हजारांच्या पुढे कुठेतरी जाऊन बंद पडला होता. नाना म्हणायचे, "मीटर थकला, गाडी नाही." माझ्या मुलीने, सृष्टीने, मोबाइलवर हिशोब करून सांगितलं, "आई, एवढ्या अंतरात ही गाडी चंद्रावर पोचली असती."

"मग पोचून तिथंच राहायचं होतं," शेखर म्हणाला.

शेखर माझा नवरा. अंबडच्या एका कंपनीत पर्चेस खात्यात आहे. कोथिंबीर घ्यायची तरी तीन ठिकाणचे भाव घेतो, आणि तोवर कोथिंबीर सुकते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याच्या चकचकीत गाडीशेजारी नानांची पिकअप उभी राहिली, तेव्हा त्याचा चेहरा मुलीच्या लग्नात नको तो पाहुणा आल्यासारखा झाला.

"प्रतिभा, दसऱ्यापर्यंत," तो म्हणाला. "दसऱ्याला ही गाडी काही कामाची निघाली तर ठेवू. नाहीतर सीमोल्लंघन थेट भंगारवाल्याकडे."

मी खाली जाऊन गाडीत बसले. आत अजून झेंडूचा आणि नानांच्या चुन्याचा वास होता. लग्नाआधी खळ्यात मला नानांनीच ही गाडी चालवायला शिकवली होती. (खळ्याची एक भिंत तेव्हा पाडली ती मीच, पण ती तशीही जुनी होती.) मागच्या फाळक्यावर त्यांनी पेंटरकडून लिहून घेतलं होतं, 'हळू या, फुलं आहेत.' या गाडीला भंगारात जाऊ द्यायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. आणि काम कुठलं करायचं तेही ठरलेलंच होतं. वस्तीवरच्या शकुबाई मावशी दरवर्षी दसऱ्यासाठी झेंडू लावतात आणि तो नानाच न्यायचे. नानांच्या दशक्रियेला मीच त्यांना शब्द देऊन बसले होते, "मावशी, यंदा तुमची फुलं मी नेते."

"ने," मावशी म्हणाल्या होत्या. "नानानं कधी एक फूल माघारी आणलं नाय."

तेवढं एक वाक्य बोलून त्या चहाचा कप विसळायला निघून गेल्या. पण ते वाक्य माझ्या मानेवर बसलं ते बसलंच.

आता प्रश्न एवढाच होता, की गाडी आहे तशी ठेवायची की थोडी बदलायची. माझं मत होतं, बोटसुद्धा लावायचं नाही. फक्त सीटकव्हर. कारण सीटमधून एक स्प्रिंग वर आली होती. नाना तिच्यावर गोणपाट घालून बसायचे. मीही बसले, पण नानांना ड्रेस फाटायची भीती नव्हती, मला होती.

म्हणून गाडी वाल्मीककडे नेली. वाल्मीकचं गॅरेज मखमलाबाद रस्त्याला आहे. मेकॅनिक बरा आहे, पण त्याच्यात एक कलावंत दडलेला आहे आणि तो सारखा बाहेर येतो.

दुपारी त्याचा फोन आला. "ताई, सीट काढलंय. खालचा पत्रा सडलाय. सीट काढलंच हाय तर पत्रा मारून घेऊ का?"

घे म्हटलं. पत्रा नसला तर पाय थेट गंगापूर रोडवर.

दुसऱ्या दिवशी, "ताई, वेल्डिंगवाला आलाच हाय तर हौदा पण करून घेऊ का?"

घे.

"ताई, वेल्डिंगनं रंग जळाला. आता जळालाच हाय तर..."

इथे मी चूक केली. मी म्हणाले, "थांब, घरी विचारते."

आमच्या घरात कुणाला काही विचारू नये. गॅस संपला तर गुपचूप सिलिंडर बदलावा. पण मी रात्रीच्या जेवणाला विषय काढला, आणि जी माणसं त्या गाडीकडे बघून नाक मुरडत होती, ती एकदम गाडीची मालक झाली.

"हिरवा रंग द्या," सासूबाई म्हणाल्या. "झेंडू हिरव्यावरच खुलतो."

हे मला पटलं.

शेखरने कागद घेतला. "हौद्यात मधोमध पार्टिशन टाक. दसऱ्याला झेंडू न्यायचा आणि आपट्याची पानंही न्यायची. झेंडूवर पाणी मारणार, ते पानांना लागलं की पानं काळी पडणार. दोन कप्पे कर. वर झाकणं. एकावर लिही 'ओला माल', दुसऱ्यावर 'सुका माल'. म्हणजे गोंधळ नको."

पर्चेस खात्यातला माणूस तो. हेही मला पटलं. उलट वाटलं, बघा, माणूस गुंतायला लागला.

सृष्टी डिझाइनच्या कॉलेजला जाते. तिचं म्हणणं, मार्केटात नेऊन व्यापाऱ्याला कशाला द्यायचं? आपणच कॉलनीकॉलनीत जाऊन विकू. गाडीला ब्रँड पाहिजे. तिने ओळ काढली, 'स्वच्छ फुलं, सुंदर घर'. त्यात 'स्वच्छ' आणि 'सुंदर' हे दोन शब्द हातभर मोठे, आणि 'फुलं' आणि 'घर' खाली नाजूक वळणदार अक्षरांत.

"फुलं दिसतच नाहीयेत गं," मी म्हणाले.

"आई, फुलं सजेस्ट करायची असतात."

(मला काय कळतं? मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. आमच्याकडे सगळं ठळक अक्षरात असतं, तरी पालक विचारतात.)

शेवटी लोकांना कळणार कसं की गाडी आली आहे? यावर सासूबाईंनी त्यांच्या भजनी मंडळाचा स्पीकर देऊ केला. मंडळाने खास गाणं रचून रेकॉर्डही केलं, ढोलकीसकट. 'उठा उठा गं सयांनो, दारी गाडी आली, घर लख्ख करा, सोन्याची सकाळ झाली.' मुख्य आवाज सासूबाईंचा. शिवाय जुन्या देवघरातली पितळी घंटा होती, ती शुभ म्हणून पुढच्या आरशाखाली टांगली. ती रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला वाजायची. म्हणजे नाशकात अखंड वाजायची.

वाल्मीकने गाडी दिली, तेव्हा तो स्वतःच दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला. "ताई, काय ना, ही गाडी मी कुठंतरी बघितल्यासारखी वाटतीये."

"अरे, नानांचीच गाडी आहे," मी म्हणाले.

"हां. तसंच असंल."

एक सांगते. फाळक्यावरची नानांची ओळ रंगाखाली गेली होती. मी बोटाने ती जागा चाचपली. पण बाकी गाडी इतकी देखणी दिसत होती, की मी वाल्मीकला पैसे देऊन टाकले. गाडीच्या आत फुलं आहेत असं सरळ सांगणारी तेवढीच एक ओळ होती, आणि ती आम्ही पुसली, हे तेव्हा पाच जणांच्या घरात... चार जणांच्या, पण सासूबाई दोघांचं बोलतात... एकालाही सुचलं नाही.

खंडेनवमीला सकाळी, उजव्या कप्प्यात आपट्याची पानं भरून, मी, सासूबाई आणि सृष्टी मातोरीला पोचलो. शकुबाई मावशी फुलांच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या. आमच्याकडे बघेनात. मी हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "नानाची गाडी कुठंय?"

"हीच ती, मावशी!"

मावशी उठल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. झाकणं उघडून पाहिली, मिटली. फाळक्यावर थाप मारली. मग डाव्या कप्प्यात फुलं भरायला लागल्या. सगळी भरून झाल्यावर त्यावर त्यांनी जाडजूड ओलं गोणपाट अंथरलं आणि कडेनं घट्ट खोचलं.

"आजी, हे नको ना, लुक जातो," सृष्टी म्हणाली.

"लुक जाऊ दे. फूल ऱ्हायलं पाहिजे," मावशी म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "समदं तुझ्या भरवशावर हाय. माझ्याकडं दुसरं फूल नाय आता."

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमच्यापासून जवळच एक मोठी कॉलनी आहे. शेखर स्कूटरवर तिथं येऊन थांबला होता, अंतिम निर्णय द्यायला. मी गाडी कोपऱ्यावर उभी केली. घंटा वाजली. सृष्टीने स्पीकर लावला. 'उठा उठा गं सयांनो, दारी गाडी आली...'

आणि काय सांगू तुम्हाला! गाण्याचं एक कडवं संपायच्या आत दारं उघडली. जिन्यांवर चपलांचा आवाज. गाऊनवर ओढणी टाकून बायका धावतायत, बर्म्युडातले काका धावतायत, एक आजोबा तर अर्धी दाढी केलेले. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "ओ ताई, थांबा, आले, आले, सोडू नका!"

माझे डोळे भरून आले. म्हटलं, नाना, बघताय ना? आणि लोक किती व्यवस्थित! प्रत्येकाच्या हातात बादली. कुणाकुणाच्या तर दोन दोन.

"बघ," मी शेखरला खिडकीतून म्हणाले, "फुलं न्यायला बादल्या घेऊन आले."

शेखरचा चेहरा मात्र हळूहळू बदलत होता. तो एकदा गाडीकडे बघत होता, एकदा बादल्यांकडे. पहिली बाई आली, डावं झाकण उचललं आणि बादली उलटी केली.

बटाट्याची सालं. चहाचा चोथा. काल रात्रीची मसूरची आमटी.

"अहो!" मी ओरडले. दार उघडेना, कारण वाल्मीकने ते नवीन बसवलं होतं. "अहो, काय करताय?"

"ओलाच आहे ताई," ती म्हणाली. "आम्ही वेगळाच ठेवतो." आणि शेजारणीला सांगितलं, "बघ, आता झाकणावर लिहिलंय. किती छान केलंय."

शेजारणीने उजव्या कप्प्यात, आपट्याच्या पानांवर, दुधाच्या पिशव्या टाकल्या.

मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. "फुलं आहेत हो आत! फुलं!"

"फुलं?" अर्ध्या दाढीचे आजोबा म्हणाले. "निर्माल्य वेगळं आणायचं का? आधी नाही सांगितलं."

आणि वळून निघालेसुद्धा आणायला!

कॉलनीचे सेक्रेटरी विश्वेशकाका तोवर हात मागे बांधून आले. "नवीन गाडी वाटतं. छान. बायकांना काम दिलं हे उत्तम. पण ताई, गाणं जरा हळू. त्या बाईंचा आवाज फार लागतो."

'त्या बाई' माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. सासूबाईंनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि पदर खोचत खाली उतरल्या. विश्वेशकाका त्यानंतर कुणाला दिसले नाहीत.

एवढ्यात मागून घंटा वाजली. आमची नव्हे. हुबेहूब आमच्यासारखी हिरवी, दोन कप्प्यांची, झाकणांची गाडी आमच्या फाळक्याला नाक लावून उभी राहिली. महापालिकेची खरी घंटागाडी! आमच्या घरात घंटा होती, गाडी होती, हिरवा रंग होता, ओला-सुका होता, आणि आठवडाभर चार डोकी त्यावर चर्चा करत होती. मला त्या क्षणी वाल्मीकची आठवण आली. कुठंतरी बघितली म्हणे! रोज सकाळी बघत असणार.

घंटागाडीवरची ताई उतरली. हातमोजे सारखे करत माझ्या खिडकीशी आली. "नवीन का? ही लाइन आमची आहे. तुमची पलीकडची असेल. मुकादमाला विचारा."

मी तिला सगळं सांगितलं. नाना, हक्कसोड, सीटकव्हर, शकुबाई, पार्टिशन. मला वाटतं शेवटी मी थोडी रडलेसुद्धा. तिने शांतपणे ऐकलं, चढली, डावं झाकण उघडलं, गोणपाटाची चारही टोकं धरली आणि वरच्या सगळ्या सालांसकट, आमटीसकट ते आपल्या गाडीत झटकलं.

खाली शकुबाईंचा झेंडू होता. केशरी, ओला, एक पाकळीही न चुरगळलेला. मी गोणपाटाला मनोमन हात जोडले.

मग ती ताई हौद्यावर उभी राहिली आणि कॉलनीकडे वळली. असा आवाज मी आमच्या मुख्याध्यापिकांचाही ऐकलेला नाही.

"ही फुलांची गाडी हाये! तुम्ही न बघता कचरा टाकला! आता मुकाट्यानं फुलं घ्या! फुलं घेतल्याशिवाय कोणाचा कचरा घेणार नाही!"

मंडळी, उद्या दसरा आणि घरात कचरा, यापेक्षा मोठं संकट नाशिककराला माहीत नाही. लोक रांगेत उभे राहिले. एका बाईने रिकामी बादली पुढे केली, तशा सासूबाई कडाडल्या, "देवाची फुलं कचऱ्याच्या बादलीत? आधी घरी जा, ताट आणा!" परत सगळे जिन्यावर धावले, ताटं, पराती घेऊन खाली आले. शेखर तराजू धरून उभा होता आणि घासाघीस करणाऱ्यांना सांगत होता, "तीन ठिकाणी भाव काढा आणि या." सृष्टी पानांतून दुधाच्या पिशव्या वेचत होती. फुलं गेली. सगळी गेली. तळाच्या पाकळ्यासुद्धा अर्ध्या दाढीच्या आजोबांनी पूजेला म्हणून नेल्या.

घरी येताना शेखर स्कूटर माझ्या गाडीमागेच चालवत होता. पार्किंगमध्ये उतरल्यावर त्याने गाडीच्या बोनेटवर हात ठेवला, नानांच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"ठेवू," तो म्हणाला. "पण मी शेजारी गाडी लावणार नाही. कोणीतरी माझ्याही गाडीत टाकेल."

मग घरात ते मतदान झालं, ज्याचा निकाल मी सुरुवातीलाच सांगितला.

दसऱ्याला दुपारी गाडीची पूजा केली आणि शकुबाई मावशींना सोनं द्यायला मी एकटीच मातोरीला गेले. घंटा तेवढी काढून ठेवली होती. फुलांचे पैसे त्यांच्या हातात दिले, पाया पडले. कचऱ्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. सगळंच सांगायचं नसतं.

"एक फूल माघारी नाही आलं, मावशी."

"मला ठाव व्हतं," त्या म्हणाल्या, आणि पैसे न मोजता कनवटीला लावले.

मला भरून आलं. मी म्हणाले, "मावशी, खरं सांगा. नानांची गाडी मी पार बदलून टाकली. तुम्हाला वाईट वाटलं ना? फाळक्यावर त्यांची ओळ तर मी परत लिहून घेणारच आहे. पण बाकीचं होतं तसं करू, की राहू दे असंच?"

मावशींनी गाडीकडे एकदा बघितलं. मग त्या घरामागे गेल्या आणि तोंड बांधलेलं भलंमोठं पोतं ओढत घेऊन आल्या. आमच्याकडे लेक माहेराहून निघाली की तिला रिकाम्या हाती धाडत नाहीत, शेतातलं काही ना काही वानोळा म्हणून देतातच. नाना गेल्यापासून मला वानोळा कोणी दिला नव्हता. मी पळत जाऊन डावं झाकण उघडून धरलं. मावशींनी तिकडे बघितलंही नाही. वळसा घालून पलीकडे गेल्या, उजवं झाकण उचललं, पोतं आत ढकललं आणि हात झटकले.

"अहो मावशी," मी डोळे पुसत म्हणाले, "एवढा वानोळा कशाला?"

"वानोळा नाय पोरी," मावशी म्हणाल्या, "मल्चिंगचं फाटकं प्लास्टिक हाय. सुक्यात टाकलंय."